व्यवस्थापकीय संचालकांचा राजीनामा, दोन वर्षांचा पगार आणि सहीची घाई

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आठ महिन्यांपूर्वी आपण एका सूचिबद्ध कंपनीत स्वतंत्र संचालक झालात आणि वरिष्ठांचे पगार व बोनस ठरवणाऱ्या मानधन समितीवर आलात. व्यवस्थापकीय संचालकांविरुद्ध एका कनिष्ठ महिला अधिकाऱ्याने लेखी तक्रार केली आहे. तिचे दोन भाग आहेत : खासगी संबंधांसाठी टाकलेला दबाव, आणि त्याच काळातील प्रवासखर्चाच्या संशयास्पद पावत्या. व्यवस्थापकीय संचालकांनी असा निरोप पाठवला आहे की, करारात लिहिलेला दोन वर्षांचा पगार आणि अजून हक्क पक्का न झालेले (कबूल केलेले, पण ठरलेली मुदत किंवा अट पूर्ण झाल्यावरच मिळणारे) शेअर मिळणार असतील तर ते शुक्रवारी राजीनामा देतील. बाकीचे संचालक तयार आहेत. आपण विचारले आहे की, काहीही न देता त्यांना काढता येईल का, आणि गेल्या दोन वर्षांचा बोनस परत घेता येईल का.

या दोन्ही प्रश्नांना आज ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देता येणार नाही. वरिष्ठ अधिकाऱ्यांचे सेवा करार तयार करणे आणि ते मोडायची वेळ आली की संचालक मंडळाला सल्ला देणे, हे काम मी २२ वर्षे करते आहे, आणि अशा प्रकरणांत पैसा किती जातो यापेक्षा कोणत्या क्रमाने पावले टाकली गेली यावर निकाल ठरतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. म्हणून माझ्या मते आपल्यापुढचा खरा प्रश्न ‘पैसे द्यायचे की नाही’ हा नाही. चौकशी पूर्ण होण्याआधी अशा कोणत्या कागदावर आपण सही करू नये, की ज्यामुळे चौकशीतून काहीही निघाले तरी कंपनीचे हात बांधलेले राहतील, हा तो प्रश्न आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. करार कोणत्या देशाच्या कायद्याखाली आहे आणि वाद न्यायालयात जायचा आहे की लवादाकडे, हे आपण लिहिलेले नाही. त्यावर बरेच ठरेल. ‘गैरवर्तन’ या शब्दाची आपल्या करारातील व्याख्या मी वाचलेली नाही. तक्रार खरी आहे की नाही हे आपल्याला माहीत नाही, आणि मलाही नाही. त्यामुळे पुढे जे लिहिते ते आपल्या कायदा सल्लागारांसमोर ठेवण्यासाठी आहे, त्यांच्याऐवजी वापरण्यासाठी नाही.

सगळ्यांत आधी करार हातात घ्या आणि सेवासमाप्तीचे कलम शब्दशः वाचा. सारांश वाचू नका, मनुष्यबळ विभागाने केलेले टिपण वाचू नका, मूळ करार वाचा, आणि त्याला नंतर जोडलेली पुरवणी पत्रेही वाचा. जवळपास प्रत्येक वरिष्ठ करारात सेवासमाप्तीचे दोन रस्ते असतात. एक ‘कारणासह’ : अधिकाऱ्याने करारात नमूद केलेले गंभीर वर्तन केले, म्हणून त्याला भरपाई नाही आणि पुढच्या शेअरवरचा हक्कही नाही. दुसरा ‘कारणाविना’ : कंपनीला तो नको आहे एवढेच, म्हणून ठरलेली रक्कम द्यायची. साऱ्या पैशाचा फरक या दोन रस्त्यांमध्ये आहे, आणि कोणत्या वर्तनाला ‘कारण’ म्हणायचे हे आपल्या नैतिक भावनेवर ठरत नाही, त्या कलमातील शब्दांवर ठरते.

माझ्याच कामातील एक प्रसंग सांगते. एका कंपनीच्या संचालक मंडळाने मला बोलावले तेव्हा त्यांच्या प्रमुखाविरुद्ध छळाच्या तीन तक्रारी चौकशीत सिद्ध झाल्या होत्या. साक्षीदार होते, संदेश होते, कोणाच्या मनात शंका उरली नव्हती. करारातील व्याख्या मात्र अशी होती : ‘गंभीर गैरवर्तन आणि त्यामुळे कंपनीचे झालेले लक्षणीय आर्थिक नुकसान’. त्या वर्षी कंपनीचा नफा वाढला होता. त्या एका ‘आणि’मुळे दोन्ही अटी पूर्ण होणे आवश्यक ठरत होते, आणि आर्थिक नुकसान दाखवायला आमच्याकडे काहीही नव्हते. समितीचे अध्यक्ष तो शब्द पेन्सिलीने अधोरेखित करून बराच वेळ नुसते बघत बसले होते. नऊ वर्षांपूर्वी तो मसुदा मंजूर करणाऱ्यांपैकी ते एक होते. तिथे ‘किंवा’ असते तर कंपनीला एक पैसाही द्यावा लागला नसता. शेवटी तडजोड झाली आणि रक्कम दिली गेली. तेव्हापासून कोणत्याही करारात मी हे कलम सर्वांत आधी वाचते, पगाराचा आकडा नंतर.

असेच दुसरे घातक वाक्य म्हणजे ‘न्यायालयात गुन्हा सिद्ध झाल्यास’. हे वाचायला न्याय्य वाटते, पण कामाच्या ठिकाणी घडणारे बहुतेक गैरवर्तन फौजदारी न्यायालयापर्यंत कधी पोचतच नाही, आणि पोचले तरी निकाल येईपर्यंत त्या अधिकाऱ्याचा करार संपूनही काही वर्षे झालेली असतात. अशी व्याख्या असेल तर गैरवर्तनाचे कलम कागदावर असूनही नसल्यासारखेच असते.

व्याख्या किती अरुंद असू शकते याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण डिस्नी कंपनीचे आहे. मायकेल ओव्हिट्झ यांनी १९९५ मध्ये तिथे अध्यक्षपद घेतले आणि १४ महिन्यांत त्यांना जावे लागले. त्यांच्या कारभाराविषयी संचालक नाराज होते, पण करारात भरपाई नाकारण्यासाठी घोर हलगर्जी किंवा गैरकृत्य दाखवणे आवश्यक होते. नुसती निराशाजनक कामगिरी त्यात बसत नव्हती. त्यांना सुमारे १३ कोटी डॉलर मिळाले. भागधारकांनी दावा लावला, तो वर्षानुवर्षे चालला, आणि २००६ मध्ये अमेरिकेतील डेलावेअर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने संचालकांच्या बाजूने निकाल कायम केला. पैसे का दिले याचे उत्तर शेवटी एकच होते : सुरुवातीला सही केलेल्या कागदात तसे लिहिले होते.

आता क्रमाकडे येते, कारण शुक्रवारचा धोका तिथे आहे. मॅकडोनाल्ड्सचे प्रमुख स्टीव्ह ईस्टरब्रुक यांना नोव्हेंबर २०१९ मध्ये काढण्यात आले. एका कर्मचाऱ्याशी परस्परसंमतीने संबंध ठेवून त्यांनी कंपनीचा नियम मोडला होता. त्यांनी मंडळाला सांगितले की, याशिवाय दुसरे काही नाही. मंडळाला प्रकरण लवकर मिटवायचे होते, म्हणून सेवासमाप्ती ‘कारणाविना’ धरली गेली आणि कोट्यवधी डॉलरचे शेअर व भरपाई त्यांच्याकडेच राहिली. पुढच्या वर्षी जुलैमध्ये एका दुसऱ्या संबंधाविषयी कंपनीकडे माहिती आली. मग नव्याने चौकशी झाली आणि आणखी तीन कर्मचाऱ्यांशी असलेले संबंध उघड झाले. त्यांपैकी एकीला त्यांनी लाखो डॉलरचे शेअर मंजूर केले होते. हा पुरावा मिळाला कुठे, हे लक्षपूर्वक वाचा. पहिल्या चौकशीत त्यांचा फोन तपासला होता. फोनवरील ईमेल त्यांनी पुसले होते. पण तेच ईमेल कंपनीच्या सर्व्हरवर तसेच पडून होते, आणि पहिल्या वेळी तिथे कोणी पाहिलेच नव्हते. कंपनीने ऑगस्ट २०२० मध्ये त्यांच्यावर दावा लावला, आणि डिसेंबर २०२१ मध्ये तडजोडीत साडेदहा कोटी डॉलरहून अधिक मूल्याची रोकड व शेअर त्यांनी परत केले.

यावर ‘शेवटी पैसे मिळालेच की’ असे कोणी म्हणेल. मिळाले, पण त्यांना काढल्यानंतर दोन वर्षांनी, न्यायालयात लढून, आणि ते मिळण्याचे कारण असे होते की चौकशीत खोटे सांगून त्यांनी मंडळाकडून सही मिळवली, असे कंपनी ठामपणे म्हणू शकत होती. खोटे बोलल्याचा पुरावा हाती नसता, त्यांना कोणी नेमके विचारलेच नसते आणि ते केवळ गप्प राहिले असते, तर वाट फार अवघड झाली असती.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. इंग्लंडमध्ये १९३१ च्या अखेरीस हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, एक निकाल दिला, तो आजही या विषयाच्या मुळाशी आहे. लिव्हर ब्रदर्सच्या नियंत्रणाखालील नायजर कंपनीचे अध्यक्ष बेल आणि उपाध्यक्ष स्नेलिंग यांना मुदतीआधी पदमुक्त करताना अनुक्रमे ३०,००० आणि २०,००० पौंड देण्यात आले. नंतर कळले की दोघांनी पदावर असताना कोकोमध्ये स्वतःसाठी गुप्त व्यवहार केले होते, म्हणजे त्यांना काहीही न देता काढता आले असते. कंपनीने पैसे परत मागितले. ज्यूरीने दोघांना फसवणुकीपासून मुक्त केले होते, आणि बहुमताच्या निकालाने कंपनी हरली : मुक्ततेचा करार वैध ठरला. याउलट १८८८ च्या एका खटल्यात, बोस्टन डीप सी फिशिंग या कंपनीने आपला व्यवस्थापकीय संचालक ॲन्सेल याला काढल्यानंतर, त्याने जहाजबांधणी करणाऱ्यांकडून गुपचूप दलाली घेतल्याचे उघड झाले. तिथे न्यायालयाने म्हटले की, काढताना हे कारण माहीत नव्हते तरी ते नंतर पुढे करता येते आणि बडतर्फी योग्य ठरते.

हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचा, म्हणजे शुक्रवारी काय पणाला लागले आहे ते दिसेल. काढून टाकलेल्या माणसाविरुद्ध नंतर सापडलेला पुरावा उपयोगी पडू शकतो. ज्याच्याशी ‘आता आपले एकमेकांवर कोणतेही दावे उरलेले नाहीत’ असा करार केला आहे, त्याच्याविरुद्ध तोच पुरावा फाइलमध्ये पडून राहण्याची मोठी शक्यता आहे. देशागणिक तपशील बदलतात, पण जिथे जिथे मी काम केले तिथे ही विभागणी कोणत्या ना कोणत्या रूपात भेटली.

मग मंडळाने काय करावे? दोन कंपन्यांनी हे कसे हाताळले ते पाहण्यासारखे आहे. सीबीएस या अमेरिकन दूरचित्रवाणी कंपनीचे प्रमुख लेस मूनव्हेस सप्टेंबर २०१८ मध्ये लैंगिक छळाच्या आरोपांमुळे पायउतार झाले तेव्हा कंपनीने त्यांच्या संभाव्य भरपाईचे १२ कोटी डॉलर एका ट्रस्टमध्ये बाजूला ठेवले आणि चौकशीचा निष्कर्ष येईपर्यंत ते कोणालाच द्यायचे नाहीत असे ठरवले. डिसेंबरमध्ये मंडळाने जाहीर केले की त्यांना काढण्यासाठी करारानुसार पुरेसे कारण आहे. त्या कारणांत चौकशीला पूर्ण सहकार्य न करणे हेही एक होते. त्यांनी त्याला आव्हान दिले, आणि २०२१ मध्ये वाद मिटला तेव्हा ती सगळी रक्कम कंपनीकडे परत आली. माणूस पदावरून ताबडतोब गेला, पण पैसा जागच्या जागी राहिला.

आयसीआयसीआय बँकेत ऑक्टोबर २०१८ मध्ये बँकेच्या तत्कालीन प्रमुख चंदा कोचर यांची मुदतपूर्व निवृत्तीची विनंती मंडळाने मान्य केली. त्याच वेळी बँकेने जाहीर केले की सुरू असलेल्या चौकशीवर याचा परिणाम होणार नाही आणि काही लाभ चौकशीच्या निष्कर्षावर अवलंबून राहतील. जानेवारी २०१९ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांचा चौकशी अहवाल आल्यावर बँकेने ती निवृत्ती ‘कारणासह सेवासमाप्ती’ मानली, न दिलेले लाभ रद्द केले आणि एप्रिल २००९ ते मार्च २०१८ या काळातील बोनस परत मागण्याचा निर्णय घेतला. कोचर यांनी आरोप नाकारले आणि या निर्णयाला न्यायालयात आव्हान दिले. त्या वादाच्या गुणदोषांत मी जात नाही. माझा मुद्दा एवढाच की, निवृत्ती स्वीकारतानाच चौकशीचा राखून ठेवलेला तो एक उल्लेख मला अशा प्रत्येक कागदात हवा असतो.

म्हणून शुक्रवारी व्यवस्थापकीय संचालकांनी पदावरून बाजूला होणे आवश्यकच वाटत असेल, तर तसे करा, पण तो कागद तात्पुरत्या व्यवस्थेचा ठेवा. ते कामापासून दूर राहतील, कार्यालयात येणार नाहीत, कर्मचाऱ्यांशी संपर्क करणार नाहीत, चौकशीला सहकार्य करतील. या काळात मूळ पगार चालू राहील, बोनस आणि शेअर यांवरचा निर्णय चौकशी संपेपर्यंत स्थगित राहील. आणि सेवासमाप्ती कोणत्या सदरात मोडते हे ठरवण्याचा कंपनीचा अधिकार अबाधित राहील. पुढे कधी अंतिम करार झालाच, तर त्यात त्यांच्याकडून स्पष्ट लेखी कथन घ्या की, कंपनीला न सांगितलेले असे कोणतेही वर्तन त्यांच्याकडून घडलेले नाही ज्यामुळे त्यांना कारणासह काढता आले असते. हे कथन खोटे ठरल्यास सर्व रक्कम परत करावी लागेल, हेही त्यातच लिहा. प्रामाणिक माणसाला असे कथन करण्यात अडचण येत नाही. माझ्या अनुभवात, या परिच्छेदावर ज्यांच्या वकिलांनी आठवडाभर घासाघीस केली, त्यांच्या फाइलीत पुढे काहीतरी सापडलेच.

चौकशीचा आवाका आणि चौकशी करणारी व्यक्ती मंडळाने ठरवायची, कंपनीच्या अंतर्गत विधी विभागाने नाही. त्या विभागाचा प्रमुख कालपर्यंत त्याच व्यवस्थापकीय संचालकांना अहवाल देत होता, आणि त्याच्यावर हे ओझे टाकणे त्याच्यावरही अन्याय आहे. आजच सर्व्हरवरील ईमेल, फोनच्या प्रती, प्रवासखर्चाच्या मूळ पावत्या आणि त्यांना मंजुरी कोणी दिली याची नोंद गोठवून ठेवा. पावत्यांचा भाग किरकोळ समजू नका. संबंधांविषयीचा पुरावा अनेकदा एकाच्या शब्दाविरुद्ध दुसऱ्याचा शब्द असा अडकतो, पण ज्या रात्री बैठक नव्हती त्या रात्रीचे दोन खोल्यांचे बिल, ‘ग्राहक भेट’ असे लिहून मंजूर केलेले, स्वतःच बोलते. कंपनीच्या पैशाचा खोटा हिशेब हे जवळपास प्रत्येक करारात निर्विवाद ‘कारण’ असते.

राजीनाम्याविषयी एक बाब बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आपली कंपनी भारतीय कायद्याखाली असेल, तर २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम २०२ आपल्या सल्लागारांपुढे ठेवा. पद गमावल्याबद्दल व्यवस्थापकीय संचालकाला देता येणारी भरपाई उरलेल्या मुदतीच्या किंवा तीन वर्षांच्या मानधनापुरती, यांपैकी जे कमी असेल तेवढीच, मर्यादित आहे. शिवाय कंपनीची पुनर्रचना किंवा विलीनीकरण वगळता, त्याने स्वतः राजीनामा दिला असेल तर ही भरपाई देताच येत नाही. फसवणूक, विश्वासघात किंवा घोर हलगर्जी केली असेल तरीही नाही. म्हणजे ‘मी राजीनामा देतो, तुम्ही दोन वर्षांचा पगार द्या’ हा प्रस्ताव तिथे वाटतो तितका सरळ नाही. तो पगार नोटिशीच्या काळाचा आहे की पद गमावल्याची भरपाई आहे, हे करारातील शब्दांवरून तपासावे लागेल. दुसरे असे की, नोकरी आणि संचालकपद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोकरी संपली तरी संचालकपद आपोआप जातेच असे नाही, आणि संचालकाला हटवण्यासाठी अनेक देशांत भागधारकांचा ठराव लागतो. चांगल्या करारात ‘सेवा संपताच संचालकपदाचाही राजीनामा दिला असे समजले जाईल’ अशी तरतूद असते. आपल्या करारात ती आहे का ते पाहा.

आता बोनस. आधी दिलेला पैसा परत घेण्याला आपल्याकडेही सगळे ‘क्लॉबॅक’ म्हणतात, आणि बहुतेक संचालकांची समजूत असते की कायद्यानेच तो अधिकार दिलेला आहे. कायद्याने दिलेला अधिकार फार मर्यादित आहे. अमेरिकेत शेअर बाजारांनी २०२३ मध्ये लागू केलेल्या नियमांनुसार सूचिबद्ध कंपन्यांना असे धोरण ठेवावेच लागते, आणि त्यात अधिकाऱ्याची चूक सिद्ध करण्याचीही गरज नाही. पण तो नियम आर्थिक ताळेबंद दुरुस्त करावा लागला तरच सुरू होतो, आणि त्याआधीच्या तीन आर्थिक वर्षांत जास्त दिल्या गेलेल्या रकमेपुरताच असतो. भारतीय कंपनी कायद्याचे कलम १९९ देखील फसवणुकीमुळे किंवा कायद्याचे पालन न झाल्यामुळे ताळेबंद नव्याने मांडावा लागला तर जादा मानधन वसूल करण्याविषयी आहे. आपल्या प्रकरणात आकडे चुकलेले नाहीत, वर्तन चुकल्याचा आरोप आहे. अशा वर्तनासाठी बोनस परत घ्यायचा असेल तर तो अधिकार करारात, बोनसच्या योजनेत किंवा अधिकाऱ्याने सही करून स्वीकारलेल्या धोरणात लिहिलेला असला पाहिजे. तो नसेल तर वसुलीच्या दाव्याची वाट लांबची आणि बेभरवशाची आहे. त्यासाठी ही सगळी चौकशी पणाला लावू नका.

कलम असले तरी वसुली सोपी नसते. पैसा खर्च झालेला असतो, त्यावर कर भरलेला असतो, आणि परत करायची रक्कम करापूर्वीची की करानंतरची यावरच सहा महिने जातात. म्हणून मी नेहमी सांगते की, दिलेले परत मागण्यापेक्षा न दिलेले रोखणे कितीतरी सोपे. वेल्स फार्गो या अमेरिकन बँकेत लाखो बनावट खात्यांचे प्रकरण २०१६ मध्ये उघड झाले तेव्हा प्रमुख जॉन स्टम्फ यांचे हक्क पक्के न झालेले सुमारे ४ कोटी १० लाख डॉलरचे शेअर आधी रद्द झाले. आणखी २ कोटी ८० लाख डॉलर परत घेण्याचा निर्णय मंडळाच्या चौकशीनंतर, एप्रिल २०१७ मध्ये झाला. भारतात खासगी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१९ मध्ये घालून दिलेली चौकट याच विचाराची आहे : प्रमुखांच्या बदलत्या, म्हणजे कामगिरीनुसार कमीजास्त होणाऱ्या, मानधनापैकी किमान ६० टक्के भाग किमान तीन वर्षांत पसरवून द्यायचा, आणि गैरवर्तन आढळल्यास उरलेला रोखण्याची तरतूद ठेवायची. आपल्या हाताशी हक्क पक्का न झालेले शेअर आहेत. आज आपल्याकडे असलेले ते सर्वांत मोठे संरक्षण आहे, आणि शुक्रवारच्या प्रस्तावात नेमके तेच देऊन टाकायचे आहेत. शेअर योजनेच्या नियमांत ‘राजीनामा’, ‘कारणासह’ आणि ‘कारणाविना’ या तीन शब्दांपुढे काय लिहिले आहे ते आजच पाहा. बहुतेक योजनांत स्वतः राजीनामा देणाऱ्याचे पक्के न झालेले शेअर आपोआप रद्द होतात, आणि ते द्यायचे तर समितीला स्वतःचा विवेकाधिकार वापरावा लागतो.

त्या विवेकाधिकाराविषयी मंडळाला एक गोष्ट ठामपणे सांगा. ईस्टरब्रुक यांच्या प्रकरणात अमेरिकेच्या बाजार नियामकाने जानेवारी २०२३ मध्ये ईस्टरब्रुक यांना तर दंड केलाच, पण कंपनीवरही ठपका ठेवला : त्यांना ‘कारणाविना’ काढले असे मानणे, आणि त्यामुळे शेअर त्यांच्याकडे राहू देणे, हा कंपनीचा स्वतःचा ऐच्छिक निर्णय होता, हे भागधारकांना सांगितले गेले नाही. म्हणजे ‘करारानुसार दिले’ या वाक्यामागे मंडळाने घेतलेला निर्णय लपवता येत नाही. भारतात सूचिबद्ध कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकाचे राजीनामापत्र, त्यातील सविस्तर कारणांसह, राजीनामा लागू झाल्यापासून सात दिवसांत शेअर बाजाराला द्यावे लागते. ‘वैयक्तिक कारणे’ असे लिहिलेले पत्र मंडळाने गैरवर्तनाची तक्रार समोर असताना पुढे पाठवले, तर पुढे कधीतरी त्याचे उत्तर मंडळालाच द्यावे लागेल.

आपले सहकारी वाईट हेतूने घाई करत आहेत असे मला वाटत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा विचार अशा खोलीत फार स्वाभाविकपणे येतो. कंपनीचे नाव वाचेल, कामगार अस्वस्थ होणार नाहीत, तक्रारदार महिलेचाही त्रास टळेल, असे त्यांना मनापासून वाटत असते. पण ज्या कंपन्यांनी मूठ झाकली त्यांच्या इमारतीत प्रत्येकाला आत काय आहे ते माहीत होते, हे मी जवळून पाहिले आहे. साहेबांनी असे वागून दोन वर्षांचा पगार नेला, ही बातमी तळमजल्यापर्यंत एका दुपारीत पोचते, आणि त्यानंतर पुढची तक्रार कोणी लेखी करत नाही.

इतके सांगून दुसरी बाजूही तितक्याच गंभीरपणे मांडते. तक्रार म्हणजे सिद्ध झालेला आरोप नव्हे. व्यवस्थापकीय संचालकांना आरोप लेखी द्या, उत्तरासाठी पुरेसा वेळ द्या, त्यांचे साक्षीदार ऐका. चौकशीआधीच मंडळातील कोणी ‘याला काढायचेच’ असे ईमेलवर लिहिले, तर तो ईमेल पुढे लवादासमोर कंपनीविरुद्ध वापरला जाईल, आणि तो वापरला जाणे न्याय्यही असेल. चौकशीतून काही निष्पन्न झाले नाही आणि तरीही एकत्र काम करणे अशक्य असेल, तर कराराप्रमाणे पूर्ण पैसे देऊन सन्मानाने निरोप देणे हेच योग्य. आरोप अर्धवट सिद्ध झाले, पुरावा कमकुवत आहे, दावा चार वर्षे चालेल, अशा स्थितीत कमी रकमेवर तडजोड करण्याचा सल्ला मी स्वतः अनेकदा दिला आहे आणि पुन्हाही देईन. पैसे देण्याला माझा विरोध नाही. काय घडले हे माहीत नसताना, पुन्हा विचारण्याचा हक्क सोडून पैसे देण्याला विरोध आहे.

शेवटचा मुद्दा त्या अधिकारी महिलेविषयी. आपल्या पत्रात तिचा उल्लेख एका ओळीत आला आणि पुढे सगळे पैशाविषयी आहे. यात आपला दोष नाही, मंडळापुढे येणारी टिपणेच तशी असतात. तिच्या तक्रारीचा पहिला भाग लैंगिक छळाच्या व्याख्येत बसत असेल, तर भारतात त्यासाठी २०१३ चा स्वतंत्र कायदा आहे. तक्रार थेट मालक किंवा नियोक्त्याविरुद्ध असेल तेव्हा ती कंपनीच्या अंतर्गत समितीऐवजी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे नेण्याची सोय त्यात आहे, आणि गोपनीयता पाळणे बंधनकारक आहे. मंडळाची चौकशी त्या प्रक्रियेची जागा घेऊ शकत नाही. तिचे बढतीचे आणि मूल्यमापनाचे कागद व्यवस्थापकीय संचालकांच्या साखळीतून आजच बाहेर काढा. तिच्याशी बोलण्यासाठी मंडळातील एक व्यक्ती ठरवा आणि त्या व्यक्तीचा फोन क्रमांक तिला द्या. व्यवस्थापकीय संचालकांशी होणाऱ्या कोणत्याही करारात तिने गप्प राहण्याची अट घालू नका. ती त्या कराराची पक्षकार नाही. आणि शुक्रवारी ते बाजूला होणार असतील, तर शेअर बाजाराला कळवण्याच्या त्याच क्षणी तिलाही कळेल, अशी व्यवस्था आधी करून ठेवा, कारण सोमवारी सकाळी त्याच मजल्यावर, त्याच टेबलाशी तिला जाऊन बसायचे आहे.